पाऊणपट

जयगडच्या बर्फाच्या कारखान्यात, हिशेबाच्या खोलीत,
अमोनियाच्या वासात माझा नोड बसतो.
तिथे, कारण तिथे जनरेटर आहे.
वीज गेली की बांगड्याची आणि ह्याची काळजी
एकाच आवाजात घेतली जाते.

त्याला आठ शेजारी. एक फिनलंडात, एक पेरूत,
बाकीचे कुठे, ते मी विचारलेलं नाही.
प्रत्येकाजवळ तीच वही,
कुणी कुणाला किती दिलं, पहिल्या पानापासून.
दहाएक मिनिटांनी एक पान वाढतं
आणि ते सगळीकडे पोचावं लागतं
पुढचं लिहून होण्याआधी.
ज्याला उशिरा कळतं
तो जुन्या पानावर बेरीज करत बसतो.

म्हणून मी मोजते.
विचारत नाही. विचारलं तर जो तो म्हणतो, शंभर मेगाबिट.
लिलावाआधी टोपलीत वर ठेवलेली सुरमई मी पाहिली आहे.
ठरल्या वजनाचा गठ्ठा पाठवते, निरर्थक आकड्यांचा,
आणि पोच येईपर्यंत सेकंद धरते.
जाणं वेगळं, येणं वेगळं असं मोजता येत नाही,
दोन बंदरांची घड्याळं कधी जुळली आहेत?
फेरा मोजायचा. अख्खा.

फेब्रुवारीत माझाच आकडा पडायला लागला,
दिवसातून दोनदा, चाळीसवरून तीनवर.
लिस्बनहून दुआर्तेने विचारलं,
एकेचाळीस नंबर यादीतून काढू का?
केबल बदलली. राउटर बदलला.
बर्फ फोडायच्या यंत्रावर आळ घेतला,
तासभर बंद ठेवायला लावलं;
मुरकरशेठनी अर्ध्या टनाचे पैसे तोंडावर सांगितले.
तीन ते तीनच.

मग तीन आठवडे, दर पाच मिनिटांनी.
आलेखात खड्डे होते आणि ते रोज सरकत होते,
आज अकराला, उद्या पावणेबाराला,
अष्टमीच्या आसपास उथळ, मग पुन्हा खोल.
कुठलंही यंत्र इतक्या शिस्तीने उशीर करत नाही.

फेरीबोटीची वाट पाहत कागद मांडीवर धरला होता.
तिकिटं फाडणारे नझीरचाचा, पूर्वीचे तांडेल,
उलट्या बाजूनेच वाचून म्हणाले,
"हे कशाला काढत बसलीस, बाय?
भरतीचं कोष्टक कॅलेंडरवर छापून येतं."

मी पाहतच राहिले.
"आज तिथी कंची? तृतीया.
तिनाची पाऊणपट, सव्वादोन.
आपल्याकडे जरा आधी. दोन धर."
कागदावर खड्ड्याचा तळ होता
दोन वाजून चार मिनिटं.

पलीकडे तवसाळच्या टेकडीवर आमची छत्री.
लहर खाडीवरून सरळ येते,
आणि पाणी चढलं की दुसरी एक
पाण्याला टेकून, किंचित उशिरा;
दोघी एकमेकींना पुसून टाकतात.
पेरूतला माणूस वाट पाहतो
आणि इथे कालवांचे खडक बुडत असतात.

अहवालात कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं: भरती.
दुआर्तेकडून एक प्रश्नचिन्ह आलं, नुसतंच.

"आता काय, पाणी अडवणार?" चाचांनी विचारलं.
नाही. छत्री वर चढवणार.
"किती?"
दीड वाव, मी म्हटलं, कारण मीटर सांगून
त्यांचा चेहरा कोराच राहिला असता.
ते कारखान्याच्या पत्र्यावर चढले, पाइपाशी हात पसरले,
एक वाव झाली, मग डावा हात दुमडून अर्धी.
"ह्यात पैसे असतात म्हणतात," वरूनच म्हणाले.
नसतात, चाचा. वही असते.
"मग ठीक. उधारीच्या दोन वह्या असाव्याच,
एक होडीवर, एक इथे."

पौर्णिमेला, रात्री सव्वाअकराला,
गठ्ठा सोडला.
खाली जेटीच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झालेल्या.
पोच आली.
अकरा.
चाळीस नाही, पण तीनही नाही.
दुआर्तेला आकडा कळवला,
आणि खाली, कुणी मागितली नव्हती तरी, तिथी.