आठवी फेरी

वाल्पराइसोत रस्ता चढून दमला
की त्याच्या पायऱ्या होतात.
या गल्लीत एकशे बासष्ट.
खाली, बंद बेकरीच्या दाराशी,
म्हातारा एलिओदोरो शिट्टी धरून उभा.

पहिल्या दोन फेऱ्या फुशारकीच्या.
पाय म्हणतात, एवढंच ना?
एक कुत्रं हौसेने सोबत येतं.

तिसरीत श्वासाला नाक पुरत नाही,
तो तोंडाने आत शिरतो
घरमालकासारखा, दार आपटत.
चौथीत कुत्रं बसतं.
यास्ना, तुझ्या मांड्यांत कुणीतरी
ओली वाळू भरू लागतं.

पाचवीत पोट आपला कारभार गुंडाळतं.
सकाळचा पाव तसाच टाकून
रक्त पायांकडे धावतं,
गल्लीत भांडण लागल्यावर
ताटावरून माणसं उठतात तसं.

सहावी.
जिभेवर जुन्या नाण्याची चव.
भिंतींवरची निळी-पिवळी चित्रं कडेकडेने विझतात,
उरते पुढची पायरी, तिचा उडालेला टवका.
काळीज आता छातीत नाही;
कानात आहे, हिरड्यांत,
डाव्या डोळ्याच्या पापणीत.

शरीराला कुणी सांगितलेलं नसतं
हा नुसता सराव आहे म्हणून.
त्याला वाटतं, आग लागली.
ते कोठार फोडून साखर वाटत सुटतं,
कातडीवर पाणी सोडतं.

लागली होतीच की एकदा.
जानेवारीत, वारं सुटलेलं असताना,
खांद्यावर नळीचं वेटोळं घेऊन
शंभराव्या पायरीवर तू थांबलीस.
अकरा श्वास.
वर ओतिलियाबाईंच्या कोंबड्या होत्या.
कोंबड्याच तर होत्या, सगळे म्हणाले.
कोंबड्याच.

सातवी आठवत नाही.

आठवीनंतर कठड्यावर ओणवी,
ओठापासून जमिनीपर्यंत लाळेची तार.
गुडघे आपापसात काही पुटपुटतात.
एलिओदोरो पाणी देत नाही लगेच.
चाल, म्हणतो, बसू नकोस.
मग एकेक जण घरी परततो:
कुठल्याशा खिडकीतला रेडिओ,
समुद्राचा रंग,
खूप उशिरा, लाजत, भूक.
दुपारी मासळीबाजारात बर्फ फोडतानाही
अंग ऊनच,
तवा उतरवल्यावरच्या चुलीसारखं.

खरं दुखणं परवा.
पिशवी घेऊन उतरशील तेव्हा
कठडा धरून, खेकड्यासारखी आडवी,
एकेका पायरीला आई आठवत.
नव्या पिल्लांना दाणे टाकता टाकता
ओतिलियाबाई विचारतील,
काय गं, पडलीस का कुठे?

नाही, म्हणशील तू.
आणि आत कुणीतरी
दात घट्ट आवळून
उसवलेल्या धाग्यांना टाके घालत बसलेलं असेल.