बिल क्रमांक ४७

इल्दाने पहिल्याच बिलावर
क्रमांक घातला सत्तेचाळीस.
एक लिहायची लाज वाटली.

सार्डिनच्या डब्यासाठी मासा काढला होता,
सात वेळा.
"जरा आनंदी करा," सेन्योर वेलोझु म्हणाले.
मेलेला, तेलात बुडालेला,
आणि आनंदी.
केला.

पोर्तोत धुकं नदीवरून जिना चढून येतं.
स्वयंपाकघरातलं टेबल हेच ऑफिस;
नऊला ती बूट घालून बसते,
बघणारं कुणी नसताना.

पैसे? पुढच्या महिन्यात, बहुतेक.
तूर्त दाराशी एक खोकं,
तीन डझन डबे,
प्रत्येकावर तिचा मासा हसतोय.

एक उघडला, पावाशी खाल्ला.
मीठ जास्तच.

दुसऱ्या बिलाला मात्र अडली नाही:
सत्तेचाळीसनंतर काय,
पहिलीतलं पोरही सांगेल.