तीच घरं, पुन्हा

बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा पाटी कोरी घेऊन बसलेय.
नारीनच्या कचेरीतला हीटर एकाच अंगाने तापतो,
एक खांदा भाजतो, दुसरा गोठतो,
आणि एरमेक, माझ्या धाकट्याच्या वयाचा, म्हणतो,
"एजे, आधी आडवा तक्ता उभा करा."

सहा वर्षं ही प्रश्नावली घेऊन मी दारोदार हिंडले.
तीनशे बारा घरं, दर जानेवारीत तीच.
मेंढ्या किती, कर्ज किती, परदेशी कोण,
तिकडून पैसे येतात का.
कुत्री मला ओळखायची.
आता पडद्यावर एका घराची एकच लांबलचक ओळ,
सहा वर्षं दाटीवाटीने बसलेली,
लग्नाच्या जेवणात मांडीला मांडी लावून बसावं तशी.
कमांड तीनदा चुकली.
चौथ्यांदा वर्षं उठली आणि एकाखाली एक उभी राहिली.
डावीकडे घराचा नंबर, शेजारी साल.
"हे दोन्ही मिळून ओळख," एरमेक म्हणाला,
"एकट्या नंबराला अर्थ नाही."

मग म्हणाला, प्रत्येक घरातून
त्या घराचीच सरासरी वजा करा.
म्हणजे काय रे बाबा?
"म्हणजे सायकालची तुलना शेजारणीशी नाही करायची.
सायकालची सायकालशी. परवाची आजशी."
हे मला चटकन कळलं.
माझ्या आईने जन्मभर नेमकं उलटं केलं होतं.

"आणि जे बदलतच नाही, ते?"
"ते वजाबाकीत जातं."

गेला अंगणाचा उतार.
गेलं वाऱ्याच्या तोंडावरचं दार.
तुर्दुबेकचा लहानपणापासूनचा अधू पाय
सहाही वर्षं तेवढाच अधू,
म्हणून शून्य.
मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.
एरमेक चाचरला.
"खोटं नाही ठरत ते, एजे.
फक्त या गणिताला दिसत नाही."

संध्याकाळी उत्तर आलं:
कर्ज घेतलं की मेंढ्या वाढतात.
शेजारी तीन तारे. एरमेक खुर्चीतून उठलाच.
मला मात्र त्या मेंढ्या कुठे आठवेनात.
एकेक घर खाली सरकवत गेले.
दोनशे चौदा, तुर्दुबेक आणि सायकाल:
नऊ, दहा, एकशे दहा, दहा, आठ.
एकशे दहा?
त्यांच्या गोठ्यात वीस मावल्या असत्या तर शप्पथ.

लोखंडी कपाटातून मूळ कागद काढला.
त्या साली शाई गोठली होती, पेन्सिलीने लिहिलेलं, हातमोजे घालून.
अकरा.
आणि अकराच्या पुढे सायकालच्या चहाचा एक थेंब,
वाळून छान गोल झालेला.
नोंदणाऱ्या मुलीने त्याला शून्य वाचलं.
आम्ही तो थेंब पुसला. दोन तारे विझले,
तिसरा लुकलुकत राहिला, कुणी हरकत घेईपर्यंत.
एरमेकने वहीत काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही.

सहाव्या वर्षी त्या ओळीत काही नाही.
कोड सात, दार बंद. तो मीच लिहिला.
चुलीचं धुराडं काढून नेलं होतं,
भोकात चिंध्या कोंबलेल्या.
शेजारी म्हणाला, येकातेरिनबुर्ग, मुलाकडे. बहुधा.
"गळती," एरमेक म्हणाला.
"जे गेले ते असेच गेले की काही कारणाने,
ते तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही."
कारणाशिवाय कोण धुराडं काढतं, मी म्हटलं.
तो हसला नाही. त्याने तेही लिहून घेतलं.

जाता जाता म्हणाला, रिकाम्या जागी शून्य भरू का?
नको.
शून्य म्हणजे मेंढ्या नव्हत्या.
रिकामं म्हणजे आम्हाला माहीत नाही.
तसंच राहू दे.

मग मी उठून त्याच्याशी खुर्ची बदलली.
आता त्याचा खांदा भाजतोय.