नापास पिशवी

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मी समुद्र अडवायच्या पिशव्या शिवते.
समुद्र पाहिलेला नाही.
पिशवी करडी, जाड, माणूस आडवा मावेल एवढी;
तिकडे नेऊन तिच्यात वाळू भरतात,
लाटेसमोर एकावर एक रचतात
आणि मागे शाळा, दवाखाना, बोटींचा धक्का बांधतात.

वडील मागावर चादरी विणायचे.
चादर चुकली तर माणूस कुडकुडतो, एवढंच.
शिवण चुकली तर काय होतं
हे शिरहाननं सांगितलं.
एप्रिलात आला होता बेटावरून, तपासणीला,
त्रेचाळीस डिग्रीत, कॉलरमध्ये रुमाल खुपसून.
तुटक्या हिंदीत म्हणाला,
आमच्याकडची सगळ्यात उंच जागा
तुमच्या या पत्र्याखाली मावेल.
मी वर बघितलं. पंखा फिरत होता.
त्याच्या पात्यांच्या खाली एक अख्खा देश.

जेवणाच्या सुट्टीत तो गल्लीत आला,
दारोदारचे निळे पिंप बघून थबकला.
पाणी आलंय?
येणारे. पाचव्या दिवशी.
तो हसला. आमच्याही दारात हेच,
विहिरी खारट झाल्या, छपराचं पाणी साठवतो.
मग आम्ही झाकणांबद्दल बोललो, बराच वेळ –
डास, शेवाळ, कुठलं फडकं टिकतं.
पोशम्मा मावशी विड्या वळता वळता तेलुगूत म्हणाली,
समुद्रात राहून हापण पिंपच भरतो का गं?

दुसऱ्या दिवशी त्यानं माझी एक पिशवी बाजूला काढली.
शेवटच्या टाक्यांत मी लाल सुती दोरा घातला होता,
वडिलांच्या रिळावरचा.
कुणाला दिसतंय, म्हटलं.
मीठ सूत खातं, तो म्हणाला, आवाज न चढवता.
खडूनं फुली मारली.
मालकाला सांगून पगार कापू दिला नाही.
मला तेच जास्त लागलं.

पिशवी मी घरी आणली.
सप्टेंबरात नाला फुगला तेव्हा
पोरांनी तिच्यात रस्त्याकडेची माती भरली
आणि मादगुंडींच्या भिंतीला टेकवली.
अजून तिथंच आहे. कुत्री झोपतात तिच्यावर.
दोरा विटून गुलाबी झालाय.

बाकीच्या गेल्या, कंटेनर भरभरून.
आता रात्रपाळीत सुई खाली जाते तेव्हा मी मोजते –
टाका, टाका, शाळा,
टाका, टाका, दवाखाना,
टाका, शिरहानचं घर...
इथं हात थांबतो.
त्याच्या घराचं दार कुठल्या बाजूला,
विचारायचं राहिलं.