रकाना अकरा

फॉर्मात चौदा रकाने.
वय, लिंग, तापाचा कितवा दिवस, प्लेटलेट.
मी पेन्सिलीनं भरते,
पेशंट उत्तरं बदलतात.

कॉट सहा. त्र्यंबक गायधनी, पळसे.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
आता मूठ मिटत नाही.
'सांधेदुखी: आहे', एवढीच जागा.
ते म्हणतात, लिहा ना, शर्टाचं बटण सून लावते,
मी तेव्हा भिंतीकडं बघतो.

वडाळा गावची तरन्नुम, चौथा महिना.
पुरळ बघायला हात मागितला
तर तिनं माझंच मनगट धरलं, सोडेचना.
याला रकाना नाही.

अकरावा: घरात साठवलेलं पाणी? होय / नाही.
'नाही,' गायधनी ठामपणे.
सून डबा उघडता उघडता म्हणाली,
नळ एक दिवसाआड, तेही पहाटे चारला.
ड्रम भरायचा नाही तर काय करायचं, मॅडम?
मी खोडलं. कागद जरा फाटला.

रात्री खोलीवर आले.
खिडकीत मनीप्लांटची बाटली,
गणपतीपासून पाणी बदललं नव्हतं.
उजेडात धरली.
बारीक काहीतरी वळवळत वर येत होतं, खाली जात होतं.

ओतून दिली.
मग बराच वेळ
मूठ मिटून, उघडून
पाहत बसले.