पाडणे

अल ऐनवर आज विमानांनी पाऊस पाडला.
मीठ फवारतात म्हणे, ढगांच्या पोटात.
डोळ्यांच्या क्लिनिकमधले पेशंट खिडकीशी मोबाईल धरून,
आणि मी रिसेप्शनवर, टोकन सत्तावीस,
एका क्रियापदापाशी अडलेली.

आपल्याकडे काय काय पाडतात.
कैऱ्या, भिंती, शाळेचे खाडे, दुधाचे भाव.
नणंद म्हणते, वहिनी वहीत कविता पाडते.
मडगावच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र फाइलवर
तीनच इंग्रजी अक्षरं लिहिली,
त्यांत पाडणं नव्हतं, मीही नव्हते.

रजेच्या अर्जात कारण: अक्कलदाढ.
चार दिवसांनी परतले तर शेरिननं मऊ भात केला.
गाल सुजलेला नव्हता,
तरी काही विचारलं नाही.
ते न विचारणं मी अजून फेडते आहे.

विश्राम रुवैसला, साइटवर.
फोनवर म्हणाला, तू ठरव.
किती चांगलं वाक्य.
फोन ठेवल्यावर खोलीत
मी आणि ते वाक्य दोघंच उरलो.

खरं सांगते, येताना विमानात गाढ झोपले.
उठवून दिलेला उपमा सगळा खाल्ला,
चटणीची पुडी चाटूनपुसून.
मोकळी झाली, हे बाळंतिणीसाठी राखलेले शब्द
मी कुणाला न विचारता उचलले.

रडू आलं ते महिन्याभरानं, भलत्याच जागी.
बिलिंगला कॅशियर म्हणाला, बॅग लागेल?
नको, पिशवी आहे, म्हणाले,
आणि ती नर्स आठवली:
'पिशवी अगदी स्वच्छ झालीय हं.'
हातातली घडी उलगडेना.
मागे रांग, ट्रॉलीत कुणाचं तरी पोर
कांद्याच्या जाळीशी खेळत.

वहीत बाळ लिहिलं तर खोटं होतं.
गोळा लिहिलं तर तेही.
सात आठवडे, असं लिहिते आणि थांबते.
दुःख म्हणावं, तर उद्याही मी तेच ठरवेन.
तेच ठरवेन म्हणावं,
तर रात्री दोनला उठून एसी बंद करते
तो कुणाला गार लागू नये म्हणून?

वीस मिनिटांत पाऊस थांबला.
काचांवर धुळीचे ओघळ.
टोकन अठ्ठावीस: अबायातल्या आजीबाई,
मोतीबिंदूचा डोळा झाकलेला, हसत म्हणतात, मतर, मतर!
आणि ओला तळवा माझ्या काउंटरवर टेकवतात, पुरावा म्हणून.
टोकन तीस येईस्तोवर
मी फडक्याला हात लावत नाही.