टक्

डॉक्टर फणसळकरांचा फोन आला तेव्हा
शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस पत्रा कापत होती.
थांबा म्हटलं, आणि बाहेर येऊन
पानाच्या टपरीमागे, वागळे इस्टेटच्या गटाराशी उभी राहिले,
एका कानात बोट, एका कानात मुरबाड.

मुरबाडच्या पुढे त्यांची गवताची पट्टी,
तिच्यावर दोन माणसांचं एक म्हातारं विमान.
डॉक्टर जन्मभर लोकांना भूल देत आले,
ह्याला मात्र जागं करता येईना.
"दुपारी लगेच घेतं हो. पहाटे नाही.
पाच वेळा प्राइम केलं, मग आणखी..."
म्हणजे बुडवलंत, मी म्हटलं.
प्लग काढा, उन्हात ठेवा सांडग्यांसारखे,
आणि बॅटरीला छळू नका.

मग ते सगळं सांगितलं, जे बास्त्यांवने मला
पहिल्या दिवशी, पान्याला हात लावू द्यायच्या आधी सांगितलं होतं:
चाकांना ओंडके. मिश्रणाची दांडी पूर्ण मागे.
स्विच बंद, किल्ली खिशात.
एवढं करूनही ते जिवंत आहे असंच धरा.
आत एक बारीक तार तुटलेली असली
तर बंद स्विच म्हणजे नुसता शब्द.
आता अंग बाजूला ठेवून पंखा हळू फिरवा.
फोन वॉचमनकडे द्या. लांब, मागे उभा राहू दे.

टिटवी ऐकू आली.
डॉक्टरांचा दम ऐकू आला, सिलिंडरचा सुस्कारा,
वॉचमनचं खोकणं.
टक् नाही आलं.
पुन्हा, म्हटलं. पुन्हा नाही.

मॅग्नेटोच्या पोटाशी एक स्प्रिंग असते.
पंखा सावकाश फिरत असताना
दोन नखं खिळ्याला अडतात, स्प्रिंग ताणली जाते, ताणली जाते,
आणि ऐन क्षणी सुटते. टक्.
मग ठिणगी. उशिरा, पण ठसठशीत.
इंजिनाने वेग घेतला की नखं आपणहून बाजूला होतात.
त्यांना कुणी विचारतही नाही.
जुन्या तेलाचा चिकटा बसला की
थंडीत ती मिटल्या मुठीसारखी राहतात.

बुधवारी मॅग्नेटो आला, डब्याच्या पिशवीत,
रुग्णालयाचा शिक्का असलेल्या टॉवेलात गुंडाळून.
मी नखं धुतली. एक झिजलं होतं, जोडीच बदलली.
बाकावर बसवून हाताने फिरवलं.

बास्त्यांव अठ्ठ्याहत्तरचा आहे.
कान इंजिनांनी कधीच नेले, यंत्र लावत नाही,
म्हणतो, त्यात सगळेच ओरडतात.
त्याने बाकाच्या लाकडावर दोन बोटं टेकली,
नाडी बघावी तशी, डोळे मिटून.
"कुठंय गो?"
मी पुन्हा फिरवलं.
पलीकडे प्रेस दणादण. पत्र्याचं छप्पर थरथरतंय.
एवढ्यातून त्याला काय कळणार.
"हां," तो म्हणाला. "आला."

रविवारी डॉक्टरांनी रेकॉर्डिंग पाठवलं:
पहाटेचे सहा, दोन फेरे,
आणि लगेच ते भरडं, दाणेदार, अखंड सुरू.
वॉचमन टाळ्या वाजवतोय.
मी फोन बाकावर उपडा ठेवला, आवाज पूर्ण.
बास्त्यांवने बोटं ठेवली.
बराच वेळ काही बोलला नाही.
मला वाटलं, खूश झाला.

"तिसरा सिलिंडर," तो म्हणाला,
"जरा लंगडतोय. सांग त्याला."